वाड्यावर तापाचे रुग्ण वाढताहेत: नोंद कशी ठेवावी, आणि धुराचे मशीन घ्यावे का?

वाडेकर_पेडणे
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील सुमारे सत्तर घरांच्या एका वाड्यासाठी विचारतो आहे. जुलैपासून तापाचे रुग्ण निघताहेत. दोघांचे खाजगी लॅबमधले डेंग्यूचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आहेत, तरी सरकारी आकड्यात वाड्याचे नाव नाही. अंगणवाडी सेविका आणि कॉलेजात जाणारी तीन-चार मुले घरोघर फिरून नोंद ठेवायला तयार आहेत. वहीत नेमके काय लिहावे? महाराष्ट्राच्या पुस्तिका वाचल्या, त्यांत सगळीकडे ‘आशाताईंना कळवा’ असे आहे. आपल्याकडे कळवायचे कोणाला?
दुसरे म्हणजे, ग्रामसभेत धुराचे मशीन विकत घेण्याचा विषय येणार आहे. घ्यावे का? आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की डास कमी होतात, असे काही जण ठामपणे सांगतात. खरे आहे का? चतुर्थीला मुंबईची मंडळी येऊन बंद घरे उघडतील, त्याआधी काय ते करायचे आहे.

आकडेमोड
आधी ‘कोणाला’ ते सांगतो. आशा योजना गोव्याने घेतलीच नाही, त्यामुळे त्या पुस्तिकेतले ते पान आपल्या कामाचे नाही. इथे ते काम उपकेंद्रातील एएनएम (परिचारिका) आणि बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी करतात. वही एएनएमला दाखवा आणि आठवड्याची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या, पोच घेऊन.

सरकारी नोंद तीन वाटांनी वर जाते. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ साली सुरू झाला, तेव्हापासून ही रचना आहे. ‘एस’ फॉर्म एएनएम भरते, निव्वळ लक्षणांवरून. ‘पी’ फॉर्म डॉक्टरांच्या संशयित निदानाचा. ‘एल’ फॉर्म लॅबमध्ये पक्क्या झालेल्या रुग्णांचा. २०२१ पासून देशभर हे सगळे आयएचआयपी या ऑनलाइन प्रणालीवर भरले जाते. आता बघा, रुग्ण खाजगी डॉक्टरकडे गेला, खाजगी लॅबमध्ये रक्त दिले, गोळ्या घेऊन घरी आला. त्या दवाखान्याने वा लॅबने प्रणालीवर नोंद केली नाही, तर तो तिन्ही फॉर्मांच्या बाहेर राहतो. आकड्यात वाडा न दिसण्याचे हे एक कारण. दुसरे कारण रिपोर्टच्या प्रकारात असते, त्यावर लॅबचे कोणी लिहितील.

वहीत एका रुग्णाला एक ओळ. घर क्रमांक, वय, स्त्री की पुरुष, ताप सुरू झाल्याची तारीख, लक्षणे (अंगावर पुरळ, सांधेदुखी, डोळ्यांमागे दुखणे, थंडी वाजून ताप, कावीळ, रक्तस्राव), रक्त कुठे व कोणत्या तारखेला दिले, कोणती चाचणी, निकाल काय, आणि गेल्या दोन आठवड्यांत दिवसा कुठे असायचा. शेवटचा रकाना सगळे जण विसरतात, आणि डेंग्यूत तोच सर्वांत बोलका असतो. एडिस डास दिवसा चावतो, मुख्यतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत. वाड्यावरचे तिघे आजारी पडले आणि तिघेही वेर्ण्याच्या एकाच कारखान्यात जातात, तर डास वाड्यावर शोधून काय मिळणार? उलट घरी असणारी आजी आणि अंगणवाडीतले मूल आजारी पडले, तर उत्पत्ती शेजारीच आहे असे धरून चालावे.

तारीख विचारताना लोक हमखास रिपोर्टची तारीख सांगतात. तिचा साथीचा चढउतार बघायला उपयोग नाही. ‘म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी ताप होता का?’ असे विचारले की बरोबर आठवते. मग आलेखाच्या कागदावर आडवे दिवस घ्यायचे आणि प्रत्येक रुग्णाला त्याच्या तापाच्या पहिल्या दिवशी एक चौकोन द्यायचा. डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात तयार व्हायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, आणि चावल्यावर माणसाला ताप यायला ४ ते १० दिवस. म्हणून एकाच घरातले दोघे दोन दिवसांच्या अंतराने पडले तर दोघांना एकाच वेळी लागण झाली असे समजावे. पहिल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी शेजारचे पडू लागले, तर वाड्यावरच साखळी सुरू झाली आहे.

आठवडा सोमवार ते रविवार धरा, सरकारी प्रणालीचाही तोच आहे. ज्या आठवड्यात एकही रुग्ण नाही, त्या आठवड्यात ठळक शून्य लिहा. कोरी जागा ठेवली तर पुढे कोणाला कळत नाही की रुग्ण नव्हते की फिरायलाच कोणी गेले नव्हते.

किती रुग्ण झाले म्हणजे आरोग्य केंद्राने धावावे, याचे मापही कार्यक्रमाने ठरवून दिले आहे. एका गावात डेंग्यूसारखे दोन संशयित रुग्ण जवळजवळ आढळले तरी ती पहिल्या पातळीची सूचना ठरते. तीन महिने मलेरिया नसलेल्या भागात एक पॉझिटिव्ह स्लाइड. हजार वस्तीत दहा घरांत प्रत्येकी निदान एकाला जुलाब. तुमचे दोन रुग्ण पहिल्या मापात बसतात. अर्जात ‘खूप ताप आहे, काहीतरी करा’ असे न लिहिता तारखा आणि घर क्रमांक द्या.

आणि ती यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. नावे फिरली की पुढच्या घरात दार उघडत नाहीत.

रक्तनमुना
रिपोर्टच्या प्रकाराबद्दल. सरकारी मोजणीत डेंग्यू ‘पक्का’ धरला जातो तो एनएस१ (विषाणूचे प्रथिन) किंवा आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे) यांच्या एलायझा या प्रयोगशाळेतील चाचणीवर. वीस मिनिटांत पट्टीवर रेघ दाखवणारी रॅपिड चाचणी पॉझिटिव्ह आली तरी रुग्ण ‘संशयित’च राहतो. म्हणून त्या दोघांच्या कागदावर ‘एलायझा’ आहे की ‘रॅपिड’ किंवा ‘कार्ड’, ते बघा. रॅपिड असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून नमुना सरकारी साखळीतून सेंटिनल लॅबला, म्हणजे बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जिल्हा इस्पितळात पाठवायला लावा. ती चाचणी मोफत असते.

नमुना कोणत्या दिवशी घेतला यावर निम्मा निकाल ठरतो. ताप आला तो पहिला दिवस. पाचव्या दिवसापर्यंत एनएस१, त्यानंतर आयजीएम. चौथ्या ते सहाव्या दिवशी दोन्ही केलेल्या बऱ्या. तिसऱ्या दिवशी फक्त आयजीएम करून निगेटिव्ह आली, म्हणून ‘डेंग्यू नाही’ असा शेरा घेऊन घरी गेलेले रुग्ण दर हंगामात दिसतात. तो निकाल काहीच सांगत नाही, कारण प्रतिपिंडे अजून तयारच झालेली नसतात. उलट आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहू शकते, त्यामुळे जूनमधला डेंग्यू ऑगस्टच्या सर्दीतापात पॉझिटिव्ह दिसतो. म्हणून वहीत चाचणीची तारीख आणि तापाची तारीख दोन्ही हव्यात.

प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू, हे समीकरण सोडून द्या. मलेरियात, लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिसमध्ये), माकडतापात, कित्येक साध्या विषाणूतापांतही प्लेटलेट उतरतात. प्रत्येक तापाच्या रुग्णाची मलेरियाची स्लाइड निघायलाच हवी, डेंग्यू पॉझिटिव्ह आला तरी. शेतात, चिखलात काम करणाऱ्याला ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल अशी तक्रार असेल तर डॉक्टरांना ‘लेप्टो’ हा शब्द ऐकवा. औषध पहिल्या दिवसांत सुरू झाले तर मूत्रपिंडे वाचतात.

घरच्यांना सांगायचे ते एवढे: तापाला पॅरासिटामॉल, बाकी काही नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरला की सुटलो असे समजू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरतानाच पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणे असे दिसले तर त्याच तासाला इस्पितळ गाठायचे.

अळीमार
धुराच्या मशीनवर ग्रामसभा तापायच्या आत माझे मत लिहून ठेवतो: घेऊ नका.

धूर उडत्या डासाला मारतो, तोही अंगावर थेंब बसला तरच. अळीला आणि कोषाला तो शिवतही नाही. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणजे आज धूर मारला तरी पिंपात असलेली फौज दोन दिवसांनी बाहेर पडतेच. शिवाय एडिस बसतो कुठे? खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, कपाटाच्या काळोखात. रस्त्यावरून मशीन फिरते आणि लोक वास नको म्हणून खिडक्या लावून घेतात. डास आत, धूर बाहेर.

पक्का रुग्ण निघाला तर त्याच्या व आजूबाजूच्या घरांत आतून फवारणी करतात, ती वेगळी. २ टक्के पायरेथ्रम अर्क एक भाग, रॉकेल एकोणीस भाग. फवारल्यावर अर्धा तास दारे बंद. चूल, गॅस आणि देव्हाऱ्यातला दिवासुद्धा विझवायचा, रॉकेल आहे ते. हे काम खात्याची माणसे करतात, पंचायतीने त्यात पडू नये.

मुलांना घेऊन करायचे काम म्हणजे अळ्यांची पाहणी. सामान थोडेच लागते: बॅटरी, पांढऱ्या रंगाची डाव किंवा पळी (पांढऱ्यावर अळी चटकन दिसते), एक ड्रॉपर, झाकणाच्या दोन-तीन बाटल्या, खडू. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा मुक्त निधी असतो, त्यातून हे सहज बसते. पाण्यात डाव बुडवण्याआधी बॅटरी मारून नीट बघा, सावली पडली की अळ्या तळाला जातात. एडिसची अळी डोके खाली करून तिरकी लटकते. मलेरियाच्या अ‍ॅनाफिलीसची पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. स्वल्पविरामासारखे वळवळणारे दिसले तर ते कोष, म्हणजे एक-दोन दिवसांत डास.

मोजणी अशी. समजा ६० घरे पाहिली, ९ घरांत अळ्या मिळाल्या, पाण्याची २१० भांडी तपासली, त्यातल्या १४ मध्ये अळ्या. घर निर्देशांक ९ भागिले ६० गुणिले १००, म्हणजे १५. भांडे निर्देशांक १४ भागिले २१० गुणिले १००, म्हणजे ६.७. ब्रेटो निर्देशांक म्हणजे शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती: १४ भागिले ६० गुणिले १००, म्हणजे २३. घर निर्देशांक ५ किंवा ब्रेटो २० ला पोचला की ती वस्ती डेंग्यूप्रवण धरतात. बंद घरे भागाकारात धरू नका, त्यांची वेगळी यादी करा. नाहीतर आकडा उगाच कमी दिसतो आणि खरी गोम असते ती नेमकी त्या कुलपांमागे.

निर्देशांकावरही फार विसंबू नका. चौदा भांड्यांपैकी दोन मोठ्या पिंपांतूनच बहुतेक डास निघत असतील, आणि उरलेल्या बारा करवंट्यांत दोन-दोन अळ्या. म्हणून कोष कुठल्या भांड्यात आहेत ते निराळे लिहा. पहिला हात तिथे घालायचा.

पेडण्यात कुठे बघाल? फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, न्हाणीघरातले पिंप, लाकडांवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घड्या, जुने टायर, पन्हळीत अडकलेला पाला, करवंट्या, आणि कुळागरात पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या. विरीत साचलेल्या पेलाभर पाण्यात एडिस अल्बोपिक्टस मजेत वाढतो. तो घराबाहेरचा, झाडीतला भाऊ. फ्रिजच्या ट्रेमधला एजिप्ती. विऱ्या गोळा करून उपड्या ठेवल्या तरी काम झाले.

भांडे नुसते ओतून चालत नाही. एडिस पाण्याच्या रेघेच्या वर कडेला अंडी चिकटवतो, ती कोरडी राहून महिनोन् महिने टिकतात आणि पाणी भरले की फुटतात. काथ्याने कडा घासायची, मग उपडे करून वाळवायचे. आठवड्यातून एक दिवस, तोच वार. सात दिवसांचे कारण वर आलेच.

गटार, डबके, बांधकामाचा खड्डा, जिथले पाणी ओतता येत नाही तिथे टेमेफॉस ५० ईसी हे अळीनाशक, १० लिटर पाण्यात अडीच मिली, आठवड्यातून एकदा. पिण्याच्या पाण्यात नाही. बीटीआय हे जिवाणूजन्य औषध सुरक्षित, पण अळीने ते खाल्ले तरच लागू पडते. कोष काही खात नाही, म्हणून कोष भरलेल्या पिंपात बीटीआय टाकून उपयोग होत नाही, ते पाणी ओतायलाच हवे.

कुळागर_फोंडा
अळीमार, धुरावर जरा जास्तच कोरडे ओढलेत. रुग्ण दहा-बारा झाले आणि सगळे एका गल्लीत असले, तर विषाणू घेऊन उडणारे डास तरी धुराने मरतात की नाही? तेवढ्यापुरता फायदा आहेच.

अळीमार
आहे, त्यासाठी तर आतली फवारणी सांगितली. माझा आक्षेप पंचायतीने मशीन पाळण्याला आहे. मशीन असले की ते दर शनिवारी फिरवावे लागते, सगळ्या वाड्यांवर सारखे, नाहीतर पंचाला मत मिळत नाही. डिझेल, औषध, चालवणारा माणूस, नोझल तुंबणे, सगळा खर्च तिकडे जातो आणि लोकांना वाटते की काम झाले, म्हणून पिंप कोणी घासत नाही. साथीत खात्याचे मशीन येतेच. येईल तेव्हा सकाळी किंवा सूर्यास्तापूर्वी, वारा पडलेला असताना, आणि लोकांना दारे-खिडक्या उघड्या ठेवायला सांगून फिरले पाहिजे. भर दुपारी ऊन असताना धूर तापल्या हवेबरोबर वर निघून जातो.

कुळागर_फोंडा
मान्य. मग ब्लीचिंगचे मी सांगतो, तो माझा विषय.

पिण्याच्या पाण्याला जेवढे क्लोरीन घालतात त्याने अळ्या मरत नाहीत. ब्लीचिंग जुलाब, कावीळ, टायफॉइड यांसाठी. तेवढ्यासाठी ते कराच, पहिल्या पावसाचे पाणी चिऱ्यांच्या भेगांतून विहिरीत उतरते तेव्हा तर नक्की. हिशेब: व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, गुणिले १००० म्हणजे लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर. ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचे १००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. बादलीत आधी घट्ट लगदा, मग पाणी घालून ढवळा, पाच-दहा मिनिटे निवळू द्या. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि बादली वरखाली हिंदकळा. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होते. तासभर पाणी काढू नये, म्हणून रात्री घालणे बरे. तासानंतर शिल्लक क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम हवे. क्लोरोस्कोपमध्ये (क्लोरीन मोजायच्या साधनात) ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो दहा सेकंदांच्या आत ताडून बघायचा, उशीर केला तर पाण्यातले इतर जोड-क्लोरीनही रंग देते.

गडबड होते ती पावडरीत. उघडी पिशवी आपल्या पावसाळी हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत मरते. ७० ग्रॅम टाकूनही तासाने रंगच येत नाही, मग लोक म्हणतात विहीरच खराब. घट्ट झाकणाच्या, प्लॅस्टिकच्या डब्यात, काळोखात ठेवा. पाणी गढूळ असेल तर मात्रा जास्त लागते, ती हॉरॉक उपकरणाने काढतात, आरोग्य केंद्रात असते.

आता गंमत ऐका. काही ठिकाणी हिवताप विभाग विहिरीत गप्पी किंवा गांबुसिया मासे सोडतो, आणि त्याच विहिरीत आठ दिवसांनी पंचायत ब्लीचिंग ओतते. मासे मेले की विहिरीत पुन्हा अळ्या. तेव्हा आधी ठरवा. पिण्याच्या विहिरीला ब्लीचिंग आणि वरून बारीक जाळी, कडेला फट न ठेवता. वापरात नसलेल्या विहिरीला मासे, तिथे ब्लीचिंग नाही. गोव्यात पणजी, कांदोळी भागात मलेरियासाठी जिवाणूजन्य अळीनाशके आणि स्थानिक माशांचे प्रयोग नव्वदच्या दशकातच झाले आहेत, तेव्हा मासे ही काही नवी टूम नव्हे. मात्र गांबुसिया परदेशी आणि खादाड, ओढ्या-तळ्यांत सोडू नका, बाकीच्या माशांची पिल्ले खातो.

पर्वरी_साइट
वाड्याजवळ बांधकाम चालू असेल तर दोन ओळी. गोव्यात शहरी मलेरियाचा मुख्य डास अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्सी. त्याला स्वच्छ, साचलेले पाणी लागते, आणि स्लॅबवर क्युरिंगसाठी (काँक्रीट ओले ठेवण्यासाठी) बांध घालून साठवलेले पाणी त्याच्यासाठीच केल्यासारखे असते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत मलेरिया पसरला तो बांधकामांच्या मागोमाग. उपाय सोपा आहे: तळे करण्याऐवजी ओली गोणपाटे अंथरा, तळेच करायचे तर आठवड्यातून एकदा पूर्ण उपसा. लिफ्टचा खड्डा, संप, वरची टाकी, ड्रम, तळघर, एवढे दर आठवड्याला बघायचे. कामगारांना आरोग्य कार्ड काढून देणे ही ठेकेदाराची जबाबदारी आहे, आणि कार्ड करताना रक्त तपासतात.

खरी गळती कार्डानंतर होते. व्हायवॅक्स मलेरियाला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. तिसऱ्या दिवशी ताप गेला की कामगाराला बरे वाटते, आठव्या दिवशी साइट बदलते, गोळ्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. यकृतात दडलेले जंतू काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत उठतात, आणि तोवर तो दुसऱ्या तालुक्यात असतो. वहीत अशा माणसाची पुढची साइट लिहून आरोग्य केंद्राला कळवा, उरलेले डोस तिथले केंद्र देऊ शकते. प्रायमाक्विन गरोदर बाईला देत नाहीत, तेव्हा गोळ्या वाटून घेणे वगैरे प्रकार नकोत.

सत्तरीची_वाट
पेडण्याला आज लागू नसेल, पण ‘डेंग्यू निगेटिव्ह, प्लेटलेट कमी’ असा रुग्ण काजूच्या हंगामात निघाला तर हे लक्षात असू द्या. क्यासनूर अरण्य रोग, लोकांच्या तोंडी माकडताप. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली ओळखला गेला. सत्तरीत पाली गावात २०१५ साली साथ आली, पुढच्या वर्षी पलीकडे दोडामार्गात. पेडण्याची वेस दोडामार्गाला लागून आहे, हे विसरू नका.

पसरवते ती गोचीड, तिचीही टाचणीच्या टोकाएवढी पिल्ले. डिसेंबर ते मे. काजूचे बोंडू वेचायला पातेऱ्यात (सुक्या पाल्यात) बसणे, गुरांखाली अंथरायला पातेरा भरून आणणे, या दोन कामांत ती अंगावर चढते. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप, कपाळ फुटेल असे डोके, पाठ-मांड्या ठणकणे. काहींना ताप उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरी फेरी येते, तेव्हा मान ताठरणे, बरळणे असे दिसू शकते. माणसाकडून माणसाला होत नाही, घरात वेगळे ठेवण्याची गरज नाही. रानात जायच्या आधी उघड्या अंगाला डेपा तेल (गोचीड दूर ठेवणारे), लांब बाह्या, विजारीचे पाय मोज्यात. आल्यावर कपडे कढत पाण्यात आणि साबणाने आंघोळ. जुनी लस आता वापरात नाही.

वहीत यासाठी एक जादा रकाना: मेलेले माकड. केलडे किंवा वानर रानात मेलेले दिसले तर हात लावू नका, पुरू नका, जाळू नका. जागा आणि दिवस लिहून वनखाते व आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून तिथेच पसरतात, म्हणून ती जागा औषध मारेपर्यंत बंद. माणसांतल्या रुग्णांच्या आधी बहुतेकदा हीच खूण मिळते.

वाडेकर_पेडणे
देव बरें करूं सगळ्यांना. एक रिपोर्ट रॅपिडच निघाला, दुसरा एलायझा एनएस१ आहे, तो एएनएमकडे दिला. राहिली बंद घरे. किल्ल्या शेजाऱ्यांकडे आहेत, मालकांची फोनवर परवानगी मिळेल. आत जाऊन नेमके काय करायचे?

अळीमार
न्हाणीघर आणि संडास आधी. फ्लशच्या टाकीचे पाणी सोडून टाका आणि तिचा नळ बंद करा. कमोडच्या वळणात पाणी राहणारच, त्यावर दोन चमचे खाद्यतेल ओतून झाकण बंद करा, वरून प्लॅस्टिक बांधले तर उत्तम. फरशीच्या जाळ्या झाका. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपाला वर बारीक जाळी, हे मात्र सगळ्याच घरांना, कारण तिथून क्युलेक्स जातीचा डास निघतो. छपरावरची टाकी रिकामी करा किंवा झाकण दोरीने आवळा. झाकण आहे पण तडकलेले, असे निम्म्या घरांत असते. परसातले मडके, रंगाचे डबे, नारळ सोलल्यावर टाकलेली सोडणे व करवंट्या, तुळशीजवळची पणती, हे बघून घ्या. दारावर खडूने तारीख टाका.

चतुर्थीला घर उघडले की पहिल्याच दिवशी टाकी घासून भरायला सांगा, आहे ते पाणी वापरू नये. आणि अकरा दिवसांनी घर पुन्हा बंद होताना वरचे सगळे परत करायचे आहे, तेव्हा किल्ली शेजाऱ्याकडे ठेवूनच जायला सांगा.

आकडेमोड
एवढी भर घाला. चतुर्थीला आलेल्यांपैकी कोणाला मुंबईहून निघण्याआधी किंवा आल्यावर दहा दिवसांत ताप आला, तर वहीत ‘बाहेरून’ असा शेरा मारा, आकड्यात मात्र धरा. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत त्याला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायला सांगा. त्या घराभोवतीची भांडी दुसऱ्याच दिवशी तपासा, आणि त्यापुढचे तीन आठवडे शेजारच्या घरांत कोणाला ताप येतो का ते दर आठवड्याला विचारा.